प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक कारण तयार होतं

कुरिअरवाला फोनवर मला "सर" म्हणाला तेव्हा मी "मॅडम बोलतेय" म्हणून विषय सोडून दिला. मग आठवड्याभरात बँकेतून फोन आला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, खातं मॅडमच्या नावावर आहे, त्यांनाच फोन देता का?" तेव्हा मात्र मी चमकले. आवाज घोगरा झाला होता हे मला माहीत होतं, पण घसा दुखत नव्हता, सर्दी नव्हती, खोकला नव्हता. आईसुद्धा एकदोनदा म्हणाली होती की फोनवर तू आणि दादा सारखेच वाटता. मी म्हटलं असेल, हवा बदललीये.

थायरॉइड ओळखलं जायच्या आधीच्या त्या वर्षात हे "असेल" मी किती वेळा म्हटलं असेन ते आता मोजवत नाही. दहा तास झोपून उठलं तरी अंग जड, जिना चढून आलं की बसून राहावंसं वाटायचं, म्हटलं कामाचा ताण आहे. सगळे पंखा लावून बसलेत आणि मी एकटी पायात मोजे घालून, म्हटलं माझी प्रकृतीच थंड. पोट साफ व्हायला तीन तीन दिवस, म्हटलं पाणी कमी पितेय. टाचांना भेगा, नडगीवरची कातडी कोरडी पडून तिचा भुसा पडायचा, कंगव्यात केसांचा पुंजका. पाळी आधी चार दिवसांची होती ती आठ दिवसांवर गेली आणि इतकी जास्त जायला लागली की बाहेर पडायची भीती वाटायची, तेव्हा म्हटलं चाळिशी आली आता हे असंच चालायचं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकून परत झोपायचे. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. आणि भुवया, ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, भुवयांचा कानाकडचा शेवटचा तुकडा हळूहळू विरळ होत गेला होता आणि मी रोज सकाळी पेन्सिलने तो भरून घेत होते, कधीपासून ते मलाही सांगता येणार नाही.

आता हे असं एका परिच्छेदात ओळीने लिहिलं की कोणीही म्हणेल, अगं थायरॉइड तपासून घे की. पण ही लक्षणं सगळी एका दिवशी एका रांगेत येऊन उभी राहत नाहीत नं. एक आज येतं, दुसरं दोन महिन्यांनी येतं, तोपर्यंत पहिल्याची सवय झालेली असते. आणि प्रत्येकाला एक सोयीचं कारण असतंच. केसांसाठी मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, पाळीसाठी दुसरीकडे, हातांच्या मुंग्यांसाठी तिसरीकडे. प्रत्येकाने आपापलं काम केलं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, क्रीम मिळालं, मनगटाला बांधायला पट्टा मिळाला. मीही कोणाला बाकीच्या दोन गोष्टी सांगितल्या नाहीत, कारण माझ्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. मला हेच सांगायचंय आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलेय, थायरॉइडचं म्हणून एकटं असं एकही लक्षण नसतं, असतो तो घोळका, आणि तो ओळखायचा तर "मी दोन वर्षांपूर्वी अशी होते का?" हे स्वतःला विचारावं लागतं. दुसऱ्या कोणाशी तुलना करून कळत नाही.

शेवटी ज्या डॉक्टरांनी ओळखलं त्यांच्याकडे मी गेले होते पायात गोळे येतात म्हणून. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, जरा थांबल्या आणि विचारलं, "आवाज पहिल्यापासून असाच आहे का हो तुमचा?" मग मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मागे मोकळी सोडून बसायला सांगितलं आणि टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी शीर असते तिच्यावर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत येताना रेंगाळत आलं, कोणीतरी हातात धरून सावकाश सोडावं तसं. त्यांनी मला मान वळवून बघायला लावलं, परत मारलं, परत तसंच. नाडी मोजली, ५४. म्हणाल्या, टेस्ट करू पण मला वाटतंय थायरॉइड पार मंदावलंय. रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइडच्या टेस्टमधलं टीएसएच नावाचं हार्मोन ७१ होतं. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास हवं असतं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचा इथेच घोळ होतो. "टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉइड वाढलंय" असं नाहीये, बहुतेक वेळा बरोब्बर उलटं असतं. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, ते येतं मेंदूच्या खाली असलेल्या पिट्युटरी नावाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून. थायरॉइड गळ्यात, कंठाच्या जरा खाली, फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली असते आणि टी४ आणि टी३ ही हार्मोन्स बनवते, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचं ते यांच्यावर ठरतं. रक्तात ही कमी पडली की पिट्युटरी थायरॉइडला हाका मारायला लागते, कामाला लाग, कामाला लाग. टीएसएच म्हणजे ती हाक. थायरॉइड जितकी थकलेली तितकी हाक मोठी. माझ्या बाबतीत ७१ पर्यंत हाका चालू होत्या आणि तिकडून उत्तर नव्हतं, फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी४, पार तळाला. उलट थायरॉइड जास्त काम करत असेल तर हाक मारायची गरजच उरत नाही, टीएसएच जवळजवळ शून्यावर येतं. म्हणून नुसता एक आकडा बघून घाबरू नका किंवा निश्चिंतही होऊ नका, टीएसएचच्या जोडीला फ्री टी४ बघावं लागतं, कारण क्वचित मूळ दुखणं पिट्युटरीतच असतं आणि तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसूनही माणूस आजारी असू शकतो.

माझं कारण हाशिमोटो निघालं. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या थायरॉइडवर उलटते आणि वर्षानुवर्षं तिला पोखरत जाते. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइडमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. चारही बायकाच होत्या, आणि आजही पुरुषांपेक्षा बायकांमध्ये थायरॉइडचा त्रास कितीतरी पट जास्त दिसतो. अँटी टीपीओ नावाची अँटिबॉडीची टेस्ट केली की ते कळतं. जिथे आयोडीन पुरेसं मिळत नाही तिथे अर्थात आयोडीनची कमतरता हेच मोठं कारण असतं, म्हणून तर मिठात आयोडीन घालतात.

वजनाबद्दल बोलायलाच हवं कारण थायरॉइड म्हटलं की लोकांना पहिलं तेच आठवतं. हो, वजन वाढतं, माझं चार किलो वाढलं होतं. पण त्यातलं बरंचसं मीठ आणि पाणी धरून ठेवल्यामुळे असतं, चरबी नाही. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या सकाळी जड, बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना, नडगीवर बोट दाबलं तर खड्डाही पडत नव्हता. पण कोणाचं वीसपंचवीस किलो वजन वाढलं असेल तर ते सगळं थायरॉइडवर टाकता येत नाही, आणि कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी थायरॉइडची गोळी सुरू केली की आपोआप बारीक होईन हीसुद्धा आशा धरू नका, मनाला फार लागतं मग. त्याच्या उलट वजन जराही न वाढता थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, माझी एक मैत्रीण काटकुळी आहे आणि म्हणूनच तिला कोणी तीन वर्षं टेस्ट सांगितली नाही. कोलेस्टेरॉल अचानक वाढलं तर ते वाढायचं कारणसुद्धा हे असू शकतं, गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा टीएसएच बघून घ्यावं.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला आईबद्दल लिहायचंय.

थायरॉइड जास्त झालं, म्हणजे हायपर, की काय होतं ते पुस्तकात वाचलं होतं. छातीत धडधड, भूक भरपूर आणि तरी वजन उतरतंय, घाम, उकाडा सहन न होणं, हात थरथरणं, झोप नाही, चिडचिड, दिवसातून चारपाच वेळा शौचाला, पाळी कमी किंवा गायब. तरुण माणसात बहुतेक असंच दिसतं आणि त्याला "टेन्शन घेतोस फार" म्हणून सोडून देतात. मांड्यांमधली ताकद जाते, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, हे फारसं कोणाला माहीत नसतं. ग्रेव्हज नावाचा जो प्रकार आहे, आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केलेला, त्यात डोळ्यांवरही परिणाम होतो, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, वरची पापणी मागे ओढली गेल्याने बुबुळाच्या वर पांढरं दिसायला लागतं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे डोळ्यांचं दुखणं जास्त वाढतं, त्यामुळे ती तिथल्या तिथे सोडलेली बरी.

पण आईचं चित्र असं दिसत नव्हतं. ती ६८ ची, आणि ती गप्प होत गेली. भूक वाढायच्या ऐवजी कमी झाली, वजन सहा महिन्यांत सात किलो उतरलं, दिवसभर खिडकीशी बसून राहायची, कोणी आलं गेलं तरी विशेष काही नाही. आम्हाला वाटलं मनाने खचलीये, आणि वजन बघून मला रात्री जी भीती वाटायची ती कॅन्सरची होती. एक दिवस तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळे कमी झालेत म्हणाली, पण मी शेजारी बसले होते, डोळ्यांचा प्रश्न नव्हता, दोऱ्याचं टोक सुईच्या भोकाभोवती बारीक बारीक नाचत होतं. मी तिला दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला, डॉक्टर असं करतात हे मी पाहिलं होतं. नुसत्या डोळ्यांना हात स्थिर दिसत होते पण कागदाची कड सळसळत होती. नाडी बघितली तर ११० च्या वर आणि कशीही, दोन ठोके जवळ, एक लांब. टीएसएच निघालं ०.०१ पेक्षा कमी. हृदयाची लय बिघडली होती, एट्रियल फिब्रिलेशन, आणि त्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारायचा धोका असतो, म्हणजे आम्ही तिला "उदास झालीये" म्हणून अजून दोन महिने बसवून ठेवलं असतं तर काय झालं असतं हा विचार मला आजही करवत नाही. म्हातारपणी हायपर असं शांतपणे येऊ शकतं. आणि हायपोसुद्धा, म्हणजे माझ्यासारखं मंदावलेलं थायरॉइड, म्हातारपणी विसरभोळेपणाच्या वेषात येतं, त्यामुळे घरातलं वडीलधारं माणूस बदलल्यासारखं वाटलं तर वयावर ढकलायच्या आधी ही एक टेस्ट करून घ्या, प्लीज.

आईला कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडचं जास्तीचं काम आवरणारी गोळी, सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं ते इथेही लिहिते. ही गोळी चालू असताना ताप आला आणि घसा दुखायला लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करायची, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम उतरतात. आणि हायपरच्या पेशंटला खूप ताप, जोराची धडधड आणि बरळणं असं एकत्र झालं, किंवा हायपोचं वृद्ध माणूस गार पडून गुंगीत जायला लागलं, तर थेट इमर्जन्सीत न्यायचं. दोन्ही क्वचित होतं पण तिथे तासांचा हिशोब असतो.

धाकट्या बहिणीचं अजून वेगळंच. बाळ तीन महिन्यांचं असताना तिला धडधड, घाम, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. सगळे म्हणाले नवीन आई आहे, होतं असं. मग महिनाभर बरी होती. सहाव्या महिन्यात पार उलटं, उठवेना, रडू यायचं, केस मूठमूठ गळायचे, आणि परत सगळे म्हणाले नवीन आई आहे. याला बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस म्हणतात, शंभरातल्या साधारण पाच जणींना होतो. आधी ग्रंथीतला साठवलेला माल एकदम रक्तात सांडतो म्हणून हायपरसारखं, मग साठा संपतो म्हणून हायपो. बऱ्याच जणी वर्षभरात आपोआप बऱ्या होतात, काहींना कायमची गोळी लागते, म्हणून नंतरही दरवर्षी टेस्ट करत राहावी लागते. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वाटत असेल तेव्हा त्यावरचा इलाज करायचाच, पण टीएसएच बघून घेतलेलं असावं. आणि ज्या आधीपासून गोळी घेतायत त्यांनी दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं, पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही, कारण सुरुवातीचे तीन महिने बाळाच्या मेंदूला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. बाळाच्या टाचेतून जन्मल्यावर दोनतीन दिवसांत रक्ताचे थेंब घेतात त्यातही थायरॉइड बघतात, साधारण दोन ते चार हजारांत एका बाळाला जन्मतःच कमतरता असते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मुलाची बुद्धी वाचते. ती टेस्ट झाली नसेल तर मागून घ्या. मोठ्या मुलांमध्ये उंची वाढायची थांबली तरी विचारा, दोन वर्षं तेच कपडे पुरतायत ही कौतुकाची गोष्ट नसते.

मानेचं पण सांगते. आरशासमोर उभं राहून मान जरा मागे करायची आणि पाण्याचा घोट घ्यायचा, गिळताना कंठाच्या खाली काही फुगवटा वरखाली होतोय का बघायचं. गाठ दिसली तर लगेच धीर सोडू नका, थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, पण सोनोग्राफी करायचीच, आणि गाठ टणक असेल, भराभर वाढत असेल, गिळायला त्रास किंवा आवाज बसलेला असेल तर उशीर करायचा नाही. सर्दीतापानंतर काही आठवड्यांनी गळ्याचा पुढचा भाग दुखायला लागला आणि कळ जबड्यात, कानात जात असेल तर तोही एक थायरॉइडचाच प्रकार असतो, दाताच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारतात लोक त्याच्यासाठी.

आता एवढं सगळं वाचून दमलेल्या प्रत्येकाला आपल्याला थायरॉइड आहे असं वाटेल, तर तसंही नाहीये. थकवा रक्त कमी असल्याने येतो, बी१२ कमी असल्याने येतो, साखरेने येतो, घोरण्याने झोप मोडत असेल तर येतो. आणि टीएसएच ५ किंवा ६ आलं, टी४ नॉर्मल आहे, अशा वेळी लगेच जन्मभराची गोळी सुरू करायची घाई करू नये असं माझं ठाम मत झालंय. दोनतीन महिन्यांनी परत केलं की बऱ्याच जणांचं आपोआप खाली आलेलं असतं. दिवस राहिलेत किंवा हवे आहेत, त्यांचं गणित वेगळं.

माझी गोळी सुरू झाली तेव्हा मला वाटलं आठवड्यात उड्या मारेन. तसं होत नाही. ही गोळी शरीरात हळूहळू साठत जाते, म्हणून टेस्टसुद्धा सहा ते आठ आठवड्यांनीच परत करतात, त्याआधी केली तर आकडा दिशाभूल करतो. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा ते एक तास काही नाही, आणि लोह, कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं. मी पहिले दोन महिने लोहाची गोळी सोबतच गिळत होते आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसलो आम्ही. पहिलं काय सुधारलं तर पोट, मग थंडी वाजायची थांबली. आवाजाला चार महिने लागले, केसांना आठ.

हे घराण्यात चालतं म्हणून मी आता दादाच्या मागे लागलेय. पुरुषांना कमी होतं पण होतं. त्याच्या पायात गोळे येतात, पोट साफ नसतं, चारचौघात बसल्या बसल्या डुलकी लागते, आणि तो म्हणतो वय झालं. उद्या सकाळी रक्त द्यायला जाणार होता, आज सहज विचारलं अजून काय काय घेतोस, तर केस गळतात म्हणून तीन महिने बायोटीनची गोळी चालू आहे म्हणे, मोठ्या डोसची. बायोटीन रक्तात असलं की बऱ्याच लॅबमधल्या मशीनला टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसतं, म्हणजे हायपो असलेल्या माणसाचा रिपोर्ट चक्क नॉर्मल येऊ शकतो. निदान दोन दिवस तरी बंद हवी. त्याला म्हटलं गोळी आजपासून बंद, उद्याचं रद्द कर, सोमवारी जाऊ, मी येते बरोबर.